शेकापचा खटारा नेमका रुतला कुठे? (रायगड)

खारेपाटी

२०१४ ला शेकापचे (शेतकरी कामगार पक्ष, जुनी निशाणी खटारा म्हणजे बैलगाडी) तीन आमदार होते: अलिबाग, पेण आणि घाटावर सांगोला. २०१९ ला एकच उरला, तोही नांदेडच्या लोह्यातून. २०२४ ला पुन्हा एकच, सांगोल्यात. रायगडात दोन्ही वेळा भोपळा. गंमत म्हणजे मधे २०१७ ला याच रायगड जिल्हा परिषदेत ५९ पैकी २३ जागा शेकापच्या होत्या, म्हणजे सगळ्यांत मोठा पक्ष तोच.

"घराणेशाही" आणि "समोरच्यांनी पैसा ओतला" ही दोन उत्तरं टपरीवर फुकट मिळतात, ती इथे नकोत. जाणकारांनी दोनच गोष्टी सांगाव्यात. घसरण कशामुळे झाली? आणि दुरुस्ती करायचीच म्हटली तर हात आधी कुठे घालायचा?

कुळाचा सातबारा

घसरण २०१९ ची नाही, फार जुनी आहे. विधानसभेतले आकडे ओळीने बघा: १९८५ ला १३, १९९० ला ८, १९९५ ला ६, १९९९ ला ५, २००४ ला २. २००९ चे चार आणि २०१४ चे तीन ही मधली उसळी.

कारण जमिनीत आहे. अलिबागजवळच्या चरी गावच्या कुळांचा संप १९३३ ला सुरू झाला आणि १९३९ पर्यंत चालला. खोताला (जमीनमालकाला) खंड, म्हणजे जमिनीचं भाडं, द्यायचा नाही, जमीन पडीक राहिली तरी चालेल, हा निर्धार कुळांनी सहा वर्षं धरला. नारायण नागू पाटलांनी त्यातूनच माणसं जोडली. १९४७ ला पक्ष निघाला तेव्हा कुलाब्यात (आजच्या रायगडात) त्याला गावोगाव तयार संघटना मिळाली ती ही. मग १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन आला, कूळ मालक झालं आणि मूळ मागणी पुरी झाली. बहुतेक पक्ष अशा वेळी संपतात. शेकाप संपला नाही, कारण नवी मुंबईसाठी जमिनी घ्यायला सिडको ही सरकारी कंपनी आली. १६ आणि १७ जानेवारी १९८४ च्या गोळीबारात पाच शेतकरी गेले, शेकापच्या दि. बा. पाटलांच्या त्या लढ्यातून गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मिळाले. तिसरी फेरी सेझची (विशेष आर्थिक क्षेत्र): २१ सप्टेंबर २००८ ला पेण तालुक्यात हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत सरकारला जनमत घ्यावं लागलं. त्या लढ्यात शेकापचे एन. डी. पाटील पुढे होते.

तिन्ही वेळा प्रश्न एकच होता, "जमीन कुणाची". साडेबाराचा भूखंड हातात पडला की तोच शेतकरी विकणारा होतो. त्याला मोर्चा नको असतो, भाव हवा असतो आणि सिडकोत ओळख असलेला माणूस हवा असतो. पनवेल पट्ट्यात हेच झालं. रामशेठ ठाकूर १९९८ आणि १९९९ ला शेकापचे खासदार होते, पुढे काँग्रेस आणि मग भाजप. खुद्द दि. बा. १९९९ ला शिवसेनेत गेले. नेते गेले म्हणून मतदार गेला असं लोक म्हणतात. माझ्या मते मतदाराची गरज आधी बदलली होती.

आकडेमोड

जमिनीचं मान्य, पण मतांची बेरीजही बघा की राव.

२०१४ ची रायगड लोकसभा: शिवसेनेचे अनंत गीते राष्ट्रवादीच्या सुनील तटकरेंपुढे २,११० मतांनी जिंकले. शेकापच्या रमेश कदमांना सव्वा लाखावर मतं होती. त्या दिवसापासून राष्ट्रवादीवाले म्हणतात शेकापने तटकरेंना पाडलं. त्याच यादीत सुनील तटकरे नावाचाच एक अपक्ष होता आणि त्याला नऊ हजारांवर मतं पडली, हे मात्र कुणी काढत नाही! त्याच वर्षी विधानसभेला उरण शेकापने ८११ मतांनी गमावलं. २०१९ ला सांगोला ७६८ नी.

२०२४ ला उरणमध्ये शेकाप दुसरा, अंतर साधारण साडेसहा हजार, आणि महाविकास आघाडीतलाच ठाकरे गट तिसरा, साठ हजारांच्या वर मतं घेऊन. ही जागा सरळ जागावाटपाने गेली. पण पनवेलला तीच सबब लावू नका. तिथे अंतर पन्नास हजारांच्या वर होतं आणि शेकाप व ठाकरे गट यांची मतं एकत्र केली तरी भाजप पुढेच राहतो. पनवेल महापालिकेच्या २०१७ च्या पहिल्या निवडणुकीतच ७८ पैकी ५१ भाजप, २३ शेकाप असा निकाल होता. खारघर-कामोठ्याच्या सोसायट्यांत शेकाप रुजलेला नाही. तिथला मतदार सातारा, जळगाव, उत्तर प्रदेश कुठूनही आलेला, त्याला लाल बावट्याचा इतिहास कुणी सांगितलेला नाही.

अलिबागचा प्रकार तिसराच. तिथे दोन पिढ्या "खटारा की पंजा" एवढंच राजकारण होतं. शेकाप काँग्रेस-राष्ट्रवादीच्या गाडीत बसला तेव्हा वरचे नेते गळ्यात गळे घालून फोटोत आले, खालचा काँग्रेसवाला मात्र खटाऱ्याला मत द्यायला तयार नव्हता. तो शिवसेनेकडे गेला आणि तिथेच रमला.

खारेपाटी

खटाऱ्यावरून आठवलं. २०२४ ला निशाणी शिट्टी होती. म्हाताऱ्या माणसांनी मशीनवर खटारा शोधला असणार. हे चिन्ह परत मिळण्याची काही वाट आहे का?

नियमावली

वाट आहे, लांबची आहे. राज्य पक्ष म्हणून मान्यता हवी असेल तर विधानसभेत सहा टक्के वैध मतं आणि दोन आमदार, किंवा तीन टक्के जागा, म्हणजे २८८ मध्ये नऊ, किंवा नुसती आठ टक्के मतं. लोकसभेच्या वेगळ्या अटी आहेत, त्या सध्या सोडा. मान्यता गेल्यावर जुनं चिन्ह सहा वर्षं सवलतीने वापरता येतं, पुढे नाही.

मान्यता नसलेल्या नोंदणीकृत पक्षाला सगळ्या उमेदवारांसाठी एकच चिन्ह मागता येतं. त्यासाठी किमान पाच टक्के जागा लढवाव्या लागतात, महाराष्ट्रात १५ धरा. विधानसभेची मुदत संपण्याच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात आणि सोबत पक्षाचे लेखापरीक्षित हिशेब लागतात. गोची इथेच होते. आघाडीत चार जागा पदरात पडल्या की एकसारख्या चिन्हासाठी उरलेल्या अकरा ठिकाणी नावापुरते उमेदवार उभे करावे लागतात, मग मित्रपक्ष बोंबलतात. म्हणून जागावाटपाची बोलणी आणि चिन्हाचा अर्ज एकाच माणसाकडे हवेत. तसं नसलं की अर्ज भरायच्या आठवड्यात धावपळ ठरलेली.

पक्षघटनेचंही तेच. शेकापमध्ये अध्यक्ष नाही, सरचिटणीस मोठा. त्याच्याखाली मध्यवर्ती समिती, जिल्हा चिटणीस, तालुका चिटणीस. कागदावर रचना उत्तम आहे. पण उमेदवार कोण हे तालुका समितीच्या ठरावाने ठरत नसेल तर तिकिटाचं भांडण घरात होतं, आणि घरातलं भांडण २०२४ च्या पंढरपूरच्या अधिवेशनात व्यासपीठावर आलं तसं चव्हाट्यावर येतं. घरातल्या भांडणात हरलेला माणूस समितीत परत येत नाही, थेट दुसऱ्या पक्षात जातो. तिकिटासाठी तालुका समितीत गुप्त मतदान, सभासद यादी सहा महिने आधी बंद (नाहीतर शेवटच्या आठवड्यात पावतीपुस्तकं छापून सभासद फुगवतात), आणि एका घरात एकाच वेळी एकच सत्तापद. एवढं घटनेत घाला, बाकी दुरुस्त्या नंतर.

शटडाऊन गँग

सगळे शेतकरी-शेतकरी करताय. नावातला "कामगार" कुठाय?

थळ, नागोठणे, रोहा, पाताळगंगा, तळोजा, जेएनपीटी. सातबारावाल्याचा मुलगा आज यातल्याच कुठल्यातरी गेटवर ठेकेदाराच्या पासवर उभा आहे. कंपनी बदलत नाही, ठेकेदार दर दोन-तीन वर्षांनी बदलतो आणि दर वेळी त्याची नोकरी नव्याने सुरू होते. ग्रॅच्युइटी मारायची युक्ती हीच. पक्षाचे पुढारी मात्र "स्थानिकांना घ्या" असं निवेदन देऊन मोकळे होतात, आणि अनेकदा लेबरचा ठेका पुढाऱ्याच्याच पाहुण्याकडे असतो. ठेका घेणारा युनियन काढेल काय? ठेकेदारांना पदावर बंदी, ही माझी पहिली दुरुस्ती.

दुसरी, प्रत्येक एमआयडीसीच्या नाक्यावर आठवड्यातून एक संध्याकाळ टेबल. तिथे तीनच गोष्टी तपासायच्या. मोबाइलवर यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) पासबुक उघडून पीएफ दर महिन्याला जमा होतो का, आणि पगारपत्रकातल्या कपातीशी जुळतो का. ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड चालू आहे का. जुन्या ठेकेदाराचा यूएएन नव्याला जोडलाय की नवा काढलाय. नवा काढला असेल तर सेवा तुटल्यासारखी दिसते, तो आधी एक करून घ्यायचा. ठेकेदाराने पगार बुडवला तर देणं मुख्य मालकावर येतं, हे शंभरातल्या नव्वदांना माहीत नसतं.

युनियनचं गणितही बदललंय. जुन्या महाराष्ट्र कायद्यात ३० टक्के सभासदांवर मान्यता मिळायची. नव्या औद्योगिक संबंध संहितेत एकट्याने बोलणी करायला मस्टरवरचे (हजेरीपटावरचे) ५१ टक्के लागतात, नाहीतर २० टक्केवाल्यांची मिळून परिषद. म्हणजे तीन झेंडे लावून तीन युनियन चालवायचे दिवस संपले. आणि मस्टर कुणाचं, कंपनीचं की ठेकेदाराचं, यावरच पहिली मारामारी होणार. वकील आत्ताच लावा.

कुळाचा सातबारा

शटडाऊनदादांशी सहमत, पण शेती अगदीच मेली नाही. खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या भातजमिनीत, बांध फुटतोय. पूर्वी गावकरी जोळाने एकत्र येऊन मातीचा बांध राखत. आता माणसं कामाला बाहेर, उघाड्यांची (बांधातल्या पाणी सोडायच्या वाटांची) दारं सडलेली. उधाणाला बांधाला एक खांड (भगदाड) पडली आणि त्या मोसमात बुजवली नाही की खारं पाणी आत फिरतं, भात जातो, आणि मीठ धुऊन निघायला दोन-तीन पावसाळे लागतात. त्याहून वाईट म्हणजे चार-पाच वर्षं तसंच राहिलं तर कांदळवन उगवतं. उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशापासून कांदळवन आणि भोवतालचे ५० मीटर यांना हात लावता येत नाही. मग सातबारा शेतकऱ्याचा, पण तिथे फावडंही मारता येत नाही.

खारेपाटी

मग बांधाचा अर्ज कुठे करायचा, खारभूमी खात्यात?

कुळाचा सातबारा

आधी बांध शासकीय योजनेतला आहे की खाजगी, ते खारभूमी उपविभागातून लेखी काढा. शासकीय असेल तर देखभाल खात्याची, त्यांच्याच मागे लागा. खाजगी असेल तर आधी योजनेत घ्यायचा प्रस्ताव, त्याला ग्रामसभेचा ठराव आणि बाधित गटनंबरांची यादी लागते. खांड पडल्याबरोबर तलाठ्याकडून पंचनामा आणि तारखेसकट फोटो घ्यायला विसरू नका. कांदळ नंतर उगवलं हे दाखवायला पुढे तोच कागद लागतो.