व्हिस्कॉसिटी: चिकटपणा, श्यानता की आणखी काही?

खारीगावकर: रबाळे एमआयडीसीत प्लास्टिक मोल्डिंगवाल्यांसाठी मराठी सूचनाफलक लिहितोय. 'व्हिस्कॉसिटी'ला, म्हणजे द्रवाच्या वाहण्याला आतून होणाऱ्या विरोधाला, श्यानता आणि विष्यंदिता हे दोन्ही शब्द मिळाले, पण मशीनवर ते कुणी उच्चारणार नाही. 'चिकटपणा' लिहिलं तर ऑपरेटर म्हणाला, "माल मोल्डला चिकटतो का?"

तुर्भेवाली: खरंय त्याचं. एरंडेल पाण्यापेक्षा कितीतरी दाट, पण त्याने कागद चिकटवता येत नाहीत. 'दाट'मध्येही गोची आहे, घनतेशी गल्लत होते. तेच एरंडेल पाण्यावर तरंगतं! सरळ 'माल घट्ट', 'माल पातळ' लिहा.

खारीगावकर: आणि प्लास्टिकमध्ये घालायचे 'अ‍ॅडिटिव्ह'? 'पूरक द्रव्य' चालेल?

सोऱ्या: एका शब्दात सगळे कोंबू नका, प्रत्येकाचं काम वेगळं. मेण, स्टिअरेट घातलं की माल सरसर वाहतो. त्याला मी 'मोहन' म्हणेन. मोहन जास्त झालं की चकली तेलात विरते. इथे मशीनमधला माल ढकलणारा स्क्रू घसरतो, माल पुढे सरकत नाही, वर छपाईही धरत नाही. टाल्क, खडूची पूड म्हणजे कढीला लावलेलं पीठ, माल घट्ट होतो.

तुर्भेवाली: मोहन झकास! पण कम्पॅटिबिलायझर, म्हणजे न मिसळणाऱ्या दोन प्लास्टिकचा मेळ घालणारं द्रव्य, कुठे बसवाल? नायलॉन आणि पॉलिप्रॉपिलीन एकमेकांत मिसळत नाहीत, एकाचे थेंब दुसऱ्यात तरंगतात. मॅलेइक अनहायड्राइड जोडलेलं पॉलिप्रॉपिलीन घातलं की ते सीमेवर नायलॉनच्या रेणूंच्या साखळ्यांच्या टोकांना धरतं. थेंब बारीक होतात आणि वितळलेला माल बहुधा घट्ट होतो. मेळ बसला म्हणजे माल सैल वाहील, ही समजूत फसवी.

सोऱ्या: मग त्याला 'मध्यस्थ' म्हणा. फलकावर एमएफआय (मेल्ट फ्लो इंडेक्स, वितळलेला माल किती वाहतो त्याचा आकडा) असेल तर आकडा उलटा वाचायचा, हेही लिहा. तो मोजायचं यंत्र म्हणजे सोऱ्याच की! पॉलिप्रॉपिलीनसाठी 230 अंश सेल्सियसला 2.16 किलोचं वजन ठेवायचं, 10 मिनिटांत किती ग्रॅम माल पडला ते मोजायचं. आकडा मोठा, माल पातळ. मात्र हे संथ वाहण्याचं माप आहे. मोल्डमध्ये माल जोरात घुसतो, तेव्हा तो त्या वेगानेच आणखी पातळ होतो. त्यामुळे एमएफआय सारखा असलेले दोन मिश्रणांचे दाणेही मशीनवर वेगळे वागू शकतात.

खारीगावकर: ठरलं, 'घट्ट-पातळ' आणि 'मध्यस्थ'. 'मोहन' मात्र शेठ खोडतील बहुतेक. तरी पेन्सिलने लिहून ठेवतो.