'दऱ्या' दिसतंय, पण सर्चला सापडत नाही

टॅब_की_स्पेस
डेटाबेस पोस्टग्रेस १४, समोर नोड (सर्व्हरवरची जावास्क्रिप्ट). एका कॉलममध्ये मराठी मजकूर आहे: काही युजरांनी टाइप केलेला, काही जुन्या फायलींतून इंपोर्ट केलेला. 'दऱ्या' टाकून शोधलं की निम्म्याच ओळी येतात. न आलेल्या ओळीतला शब्द कॉपी करून शोधला की ती ओळ येते आणि आधीच्या गायब होतात. स्क्रीनवर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे. एनकोडिंग यूटीएफ-८ आहे, ट्रिम केलंय. लांबी काढली तर कुठे ५ येते, कुठे ६. 'ॲप'चंही तेच. एनएफसी (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणारं युनिकोडचं नॉर्मलायझेशन) चालवल्यावर काही ओळी जुळल्या, सगळ्या नाहीत. का?

अर्धा_य
कारण हा एकच शब्द तीन तऱ्हांनी साठवता येतो आणि एनएफसी त्यांतल्या दोनच एकत्र आणतं.

पहिली तऱ्हा: द, ऱ (युनिकोड क्रमांक ०९३१), हलंत, य, काना. पाच कोडपॉइंट (युनिकोडचे क्रमांक असलेल्या खुणा), १५ बाइट. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट दाबून 'जे' मारला की हा ऱ मिळतो.

दुसरी: ऱ ऐवजी साधा र (०९३०) आणि त्याला नुक्ता (अक्षराखालचं टिंब, ०९३सी). सहा कोडपॉइंट. युनिकोडच्या लेखी हे ०९३१ चंच सुटं रूप आहे, त्यामुळे एनएफसी दोन्ही जोडून पुन्हा ०९३१ करतं. नुक्ता चुकून हलंतानंतर आला असला तरी क्रम आपोआप सुधारतो. तुमच्या जुळलेल्या ओळी बहुधा याच.

तिसरी: साधा र, हलंत आणि मग न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर (२००डी), मग य. हीसुद्धा सहा कोडपॉइंट, १८ बाइट, म्हणजे लांबीवरून दुसरी आणि तिसरी ओळखू येत नाही. युनिकोड २.० शी सुसंगतता राहावी म्हणून ही पद्धत अजून मान्य आहे आणि फॉन्ट ती तशीच दाखवतात. पण ०९३१ शी तिचं समतुल्यत्व कुठेही नोंदलेलं नाही, म्हणून एनएफसी तिला हात लावत नाही. एनएफकेसी हा आणखी कडक प्रकारही लावत नाही.

'ॲप'चं दुखणं वेगळं. ॲ (०९७२) हे अक्षर २००८ साली, युनिकोड ५.१ मध्ये आलं. त्याआधीचा मजकूर अ + ॅ असा दोन तुकड्यांत असतो. या दोघांतही समतुल्यत्व नाही, नॉर्मलायझेशन कितीही वेळा चालवा.

खात्री करायची तर संशयित ओळीचे बाइट हेक्समध्ये पाहा. ई२ ८० ८डी दिसलं की जॉइनर सापडला.

निमूट_पार्सर
मग सोपं आहे की. साठवतानाच २००सी (नॉन-जॉइनर), २००डी अशी सगळी अदृश्य कॅरेक्टर उडवून टाका.

अर्धा_य
नको! र + हलंत + जॉइनरमधला जॉइनर उडवला की उरतं र + हलंत + य, म्हणजे रफार. 'दऱ्या'चा 'दर्या' होतो: डोंगरातून थेट समुद्रात. 'आचाऱ्यांना' आणि 'आचार्यांना' यांचाही असाच घोळ होईल. मूळ कॉलममध्ये हे केलंत तर नंतर कोणता शब्द खरा होता ते कळायला मार्ग नाही.

मूळ मजकूर जसाच्या तसा ठेवा. शोधासाठी वेगळा जनरेटेड कॉलम (मूळ कॉलमवरून डेटाबेस स्वतः भरतो तो) करा आणि त्यात या क्रमाने जा:

१. आधी नॉर्मलाइझ, एनएफसी. (पोस्टग्रेस १३ पासून हे फंक्शन आतच आहे.)
२. र + हलंत + २००डी जिथे असेल तिथे ऱ + हलंत.
३. अ + ॅ च्या जागी ॲ. हिंदी कीबोर्डवरून आलेला ऍ (०९०डी) पण इथेच ॲ करून घ्या.
४. आता उरलेले २००सी आणि २००डी खुशाल उडवा.

दुसरी आणि चौथी पायरी उलटसुलट झाली की वरचा रफाराचा घोटाळा परत. बाकी क्रमाचं एवढं नाही.

क्वेरीत अदृश्य कॅरेक्टर पेस्ट करू नका, पुढचा माणूस 'रिकामी जागा' समजून पुसून टाकेल. सीएचआर (क्रमांकावरून कॅरेक्टर देणाऱ्या) फंक्शनला दशमान आकडा द्या: जॉइनर ८२०५, नॉन-जॉइनर ८२०४, र २३५२, ऱ २३५३, हलंत २३८१. रिप्लेस, नॉर्मलाइझ, सीएचआर तिन्ही इम्यूटेबल (त्याच इनपुटला नेहमी तेच उत्तर देणारी) आहेत, त्यामुळे जनरेटेड कॉलमला अडचण येत नाही. आणि युजरने टाइप केलेला शोधशब्दही याच फंक्शनमधून गेला पाहिजे. नाहीतर एक बाजू धुतलेली, दुसरी तशीच.

टॅब_की_स्पेस
चाललं, सगळ्या ओळी आल्या. आता निकालात शब्द हायलाइट करायचाय. शोध-कॉलममधली जागा मूळ मजकुरावर लावली की हायलाइट एखाद-दोन अक्षरं सरकतं. शब्दसीमेची रेगेक्सही (शोधाचा नमुना) काही पकडत नाही.

रिकामा_स्टॅक
सरकणारच, दोन्ही मजकुरांची लांबी वेगळी आहे. जागा मोजूच नका. शोधशब्दापासून रेगेक्स बनवा: 'ऱ + हलंत' आला की तिथे तिन्ही रूपांचा पर्याय टाका, 'ॲ' आला की त्याच्या रूपांचा, आणि प्रत्येक हलंतानंतर २००सी किंवा २००डी असला-नसला तरी चालेल असं लिहा. मग ती थेट मूळ मजकुरावर चालवा.

जावास्क्रिप्टची शब्दसीमा फक्त इंग्रजी अक्षरं ओळखते, युनिकोडचा यू फ्लॅग लावूनही. त्याऐवजी मागेपुढे 'अक्षर किंवा चिन्ह नसावं' अशी अट घाला. युनिकोड वर्ग दोन्ही घ्या, एल (अक्षरं) आणि एम (मात्रांसारखी चिन्हं). नुसता एल घेतलात तर काना-मात्रा-वेलांट्या बाहेर राहतात आणि 'दर' शोधल्यावर 'दरी'तला 'दर' रंगतो. पायथॉनच्या नेहमीच्या रेगेक्स मॉड्यूलमध्येही 'शब्द' वर्गात मात्रा धरत नाहीत, तिथेही हाच फटका.

उतारा कापून मागे तीन टिंबं लावत असाल तर कोडपॉइंटवर कापू नका. 'स्त्री'ची लांबी ६ भरते, चौथ्यावर कापलं तर लोंबता हलंत उरतो. जावास्क्रिप्टचा इंटल सेगमेंटर वापरा, तो दिसणाऱ्या अक्षरांनुसार तुकडे पाडतो. जोडाक्षर अखंड धरण्याचा नियम युनिकोड १५.१ पासूनचा आहे, त्यामुळे जुन्या नोडवर तोच 'स्त्री' तीन तुकड्यांत मोजला जातो. सर्व्हर आणि ब्राउझरची आवृत्ती वेगळी असली तर आकडे जुळणार नाहीत, म्हणून कापायचं काम एकाच बाजूला ठेवा.