श्वेत बटू ताऱ्यावर कोसळलेला खडक कोणत्या जातीचा, हे कसे ठरवतात?

पूर्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातली असून सध्या नांदेडला भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. प्रकल्पासाठी मी श्वेत बटू ताऱ्यांभोवतीच्या, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्यांच्या उरलेल्या घट्ट गाभ्यांभोवतीच्या, खडकाळ अवशेषांचा विषय घेतला आहे. या ताऱ्यांच्या वर्णपटात (रंगांत विभागलेल्या प्रकाशात) कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह यांच्या शोषणरेषा, म्हणजे त्या मूलद्रव्यांनी प्रकाश शोषल्याने पडणाऱ्या काळ्या रेषा, दिसतात आणि त्यावरून तिथे ग्रहांचे तुकडे कोसळले असावेत असे म्हणतात, इथपर्यंत मला समजले. परंतु ही मूलद्रव्ये त्या ताऱ्याची स्वतःचीच नसतील कशावरून? दुसरे असे, की आमच्या गावी विहीर खोदताना मुरमाखाली जो काळा पाषाण लागतो, तसा बेसाल्ट तिथे पडला असेल तर तो वर्णपटावरून ओळखता येईल का?

बालाघाट

ताई, पहिल्या प्रश्नाचे उत्तर गुरुत्वाकर्षणात आहे. श्वेत बटूचे वस्तुमान सूर्याच्या निम्म्याहून थोडे अधिक आणि आकार पृथ्वीएवढा, त्यामुळे त्याच्या पृष्ठभागावरचे गुरुत्व पृथ्वीच्या सुमारे लाखपट असते, आणि जड अणू वर टिकूच शकत नाहीत. हायड्रोजनचे वातावरण असलेल्या उष्ण ताऱ्यांत ते काही दिवसांत ते काही वर्षांत खाली बसतात. हेलियमचे वातावरण असलेल्या थंड ताऱ्यांत त्यांना दहा लाख वर्षेही लागू शकतात. ताऱ्याचे वय मात्र बहुधा कोट्यवधी वर्षांचे असते. म्हणजे आज दिसणारे कॅल्शियम खगोलशास्त्रीय हिशेबाने नुकतेच बाहेरून आलेले आहे. साधारण वीस-पंचवीस हजार केल्विनच्या वरच्या ताऱ्यांत प्रारणाचा (ताऱ्यातून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचा) दाब काही जड अणूंना वर तोलून धरतो, म्हणून तसे तारे निवडलेत तर हा युक्तिवाद जपून वापरा.

पूर्वी हा पदार्थ आंतरतारकीय वायूतून येतो असे मानत. पण तसे असते तर कॅल्शियमच्या अनेक पटींनी हायड्रोजन आला असता, आणि हायड्रोजन सर्वांत हलका असल्याने तो कधीच खाली बसत नाही. हेलियमच्या अनेक ताऱ्यांत कॅल्शियम भरपूर आणि हायड्रोजन अत्यल्प आढळतो. शिवाय 1987 साली जी 29-38 या ताऱ्याभोवती अपेक्षेपेक्षा जास्त अवरक्त प्रकाश सापडला, तो तप्त धुळीच्या तबकडीचा आहे. आणि 2015 मध्ये केप्लर दुर्बिणीच्या निरीक्षणांतून डब्ल्यूडी 1145+017 या ताऱ्यासमोरून सुमारे साडेचार तासांच्या कक्षेत फिरणारे, विरत चाललेले तुकडे दिसले. ताऱ्याच्या फार जवळ आलेला लघुग्रह भरती-ओहोटीच्या बलाने फुटतो, त्याचा चुरा तबकडीत पसरतो आणि हळूहळू ताऱ्यावर उतरतो, हे चित्र या दोन्ही निरीक्षणांशी जुळते.

काळापाषाण

मी भूविज्ञान शिकवतो, म्हणून बेसाल्टच्या प्रश्नाबद्दल लिहितो. संपूर्ण पृथ्वीचा विचार केला तर लोह, ऑक्सिजन, सिलिकॉन आणि मॅग्नेशियम या चौघांतच नव्वद टक्क्यांहून अधिक वस्तुमान येते, आणि मॅग्नेशियम व सिलिकॉन जवळपास सारखे असतात. ज्यातून वेरूळचे कैलास लेणे कोरले, त्या आपल्या दख्खनच्या बेसाल्टमध्ये मात्र सिलिकॉन मॅग्नेशियमच्या अनेक पट असते, ॲल्युमिनियम आणि कॅल्शियमही वाढलेले असतात, कारण तो प्रावरणाच्या (कवच आणि गाभा यांमधल्या थराच्या) अंशतः वितळण्यातून वर आलेला रस आहे. तेव्हा कवचाचा तुकडा पडला असेल तर सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि कॅल्शियम मॅग्नेशियमच्या मानाने जास्त दिसावेत. गाभ्याचा असेल तर लोह आणि निकेल. आजवर मोजलेले बहुतेक अवशेष एकूण पृथ्वीसारखे आहेत. काहींत लोह उठून दिसते, आणि ज्यांचा गाभा वेगळा झाला होता अशा पिंडांचे ते तुकडे असावेत. मला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण दुसऱ्या सूर्याभोवतीच्या खडकाचे पोट उघडून पाहण्याचा याहून सरळ मार्ग आपल्याकडे नाही.

पूर्णाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. पण सर, सर्व मूलद्रव्ये सारख्याच वेगाने खाली बसत नसतील, तर मोजलेले प्रमाण हे मूळ खडकाचे प्रमाण कसे मानायचे?

बालाघाट

तसे मानताच येत नाही, आणि इथेच घोटाळा होतो. हेलियमच्या ताऱ्यांत लोह मॅग्नेशियमपेक्षा लवकर बुडते. पदार्थ पडणे थांबून बराच काळ लोटला असेल, तर उरलेले मिश्रण लोहाला पारखे होते आणि साध्या, पृथ्वीसारख्या लघुग्रहाचे अवशेषही प्रावरणाच्या तुकड्यासारखे दिसू लागतात. म्हणून प्रत्येक मूलद्रव्याचा बुडण्याचा काळ मोजणीत धरावा लागतो, आणि पडणे नुकतेच सुरू झाले आहे, स्थिरावले आहे की संपले आहे, या तिन्ही शक्यता तपासाव्या लागतात. हायड्रोजनच्या उष्ण ताऱ्यांत हा काळ इतका छोटा असतो की पडणे चालूच आहे असे धरता येते. प्रकल्पासाठी तेच सोपे पडतील. स्लोन या मोठ्या आकाश-सर्वेक्षणाचे वर्णपट सर्वांना मोफत उपलब्ध आहेत. त्यांत 393.4 आणि 396.8 नॅनोमीटरवरच्या कॅल्शियमच्या रेषांपासून सुरुवात करा. सिलिकॉन आणि ऑक्सिजनसाठी मात्र बहुधा हबल अवकाश दुर्बिणीच्या अतिनील नोंदींकडे वळावे लागेल.

काळापाषाण

एक सुचवतो. या प्रकारच्या ताऱ्याचा पहिला वर्णपट 1917 सालचा, व्हॅन मानेनच्या ताऱ्याचा, आणि त्यात कॅल्शियमच्या रेषा होत्या, फक्त त्यांचा अर्थ तेव्हा कोणाला कळला नव्हता. तो आपल्यापासून सुमारे 14 प्रकाशवर्षांवर मीन राशीत आहे आणि त्याची प्रत (तेजस्वितेचा आकडा, जितका मोठा तितका तारा अंधुक) 12.4 आहे. कार्तिक-मार्गशीर्षात संध्याकाळनंतर मीन रास आपल्याकडे जवळजवळ डोक्यावर येते, तेव्हा अमावास्येच्या आसपास शेतातल्या अंधारात आठ इंची दुर्बिणीतून तो ठिपका दिसतो. ताऱ्यांचा नकाशा सोबत ठेवा, कारण शेजारच्या ताऱ्यांतून तो वेगळा ओळखू येत नाही.