फेथियेजवळचं कायाकोय: अर्धा दिवस द्यावा का?

मुक्कामपोस्ट:
एप्रिलमध्ये मी, नवरा आणि माझी आई तुर्कस्तानला जातोय. फेथियेला तीन रात्री आहोत. जवळच कायाकोय नावाचं ओसाड गाव आहे. फोटोंत नुसत्या बिनछपराच्या भिंती दिसतात. आईला इतिहासाची फार आवड, पण गुडघे साथ देत नाहीत. गाव भूकंपाने रिकामं झालं असं एके ठिकाणी वाचलं, दुसरीकडे वेगळंच. खरं काय? आणि पडक्या घरांपलीकडे तिथे काय आहे?

पन्हळ:
जरूर जा. मी दोनदा गेले आहे, दुसऱ्यांदा मुद्दाम तेवढ्यासाठी.

आधी भूकंपाचं सांगते, कारण ती गोष्ट फार पसरली आहे. मोठा भूकंप झाला एप्रिल १९५७ मध्ये. फेथिये शहराची त्यात वाताहत झाली. पण कायाकोय त्याआधी तीस-पस्तीस वर्षं रिकामंच होतं.

गावाचं जुनं नाव लेविसी. उतारावर ग्रीक ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन राहायचे, खोऱ्यात तुर्क शेतकरी. पहिल्या महायुद्धाच्या काळात इथल्या बऱ्याच ख्रिश्चनांना हुसकावलं गेलं, उरलेल्यांना ग्रीक-तुर्की युद्धाच्या शेवटी घरं सोडावी लागली. ३० जानेवारी १९२३ ला स्वित्झर्लंडमधल्या लोझानमध्ये दोन्ही देशांनी लोकसंख्येच्या अदलाबदलीचा करार केला. तुर्कस्तानातल्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांनी ग्रीसला जायचं, ग्रीसमधल्या मुसलमानांनी तुर्कस्तानात यायचं. इस्तंबूलचे ग्रीक आणि पश्चिम थ्रेसचे (ग्रीसच्या ईशान्य टोकाचे) मुसलमान तेवढे वगळले. निकष एकच, धर्म. घरात तुर्की बोलणारे ख्रिश्चन ग्रीसला पोचले आणि ग्रीक बोलणारे क्रीट बेटावरचे मुसलमान तुर्कस्तानात. आईंना हे नक्की सांगा. मला तरी हे कळल्यावर त्या भिंतींकडे आधीसारखं बघता आलं नाही.

लेविसी आणि मक्री (म्हणजे आजचं फेथिये) इथल्या निर्वासितांनी ग्रीसमध्ये मॅरेथॉनजवळ समुद्रकाठी नेआ मक्री, नवं मक्री, वसवलं. इकडे ग्रीसहून आलेल्या मुसलमान कुटुंबांपैकी फार थोडी टिकली. ती शेतकरी माणसं, त्यांना या खडकाळ उतारावर काय करता येणार होतं? जी राहिली ती खोऱ्याच्या कडेला. वरच्या घरांची दारं, खिडक्या, तुळया लोकांनी हळूहळू काढून नेल्या. छपरं जाण्यात भूकंपाइतकाच याचाही हात आहे.

आता तिथे बघायचं काय. मी पाणीपुरवठ्याच्या कामात आहे, त्यामुळे माझी नजर आधी टाक्यांवर गेली. हा सगळा डोंगर चुनखडीचा, पावसाचं पाणी जिरून जातं. पाऊस हिवाळ्यात, उन्हाळा कोरडा ठणठणीत. म्हणून छपरावरचं पाणी घरालगतच्या टाक्यात उतरवायचं आणि वर्षभर पुरवायचं. घरं बांधली तीही खडकावर, खालच्या मातीचा एक तुकडा न अडवता. आणि एक घर दुसऱ्याच्या उजेडाआड येत नाही. उतारावर उभं राहून खोऱ्याकडे बघितलं की हे आपसूक दिसतं. खाली आजही शेतं कसली जातात, बकऱ्या चरतात. लोक याला 'भुताचं गाव' म्हणतात ते मला अजिबात पटत नाही. इतक्या विचाराने बांधलेल्या गावाला तो शब्द शोभत नाही.

रानवारा:
वरच्या माहितीत रानाची भर घालतो. एप्रिल उत्तम. पडक्या घरांत अंजिराची झाडं भिंती फोडून वर आली आहेत आणि दगडांतून डोंगरी कासवं फिरताना हमखास दिसतात. गावामागून पाइनच्या रानातली वाट समुद्रकाठच्या ओलुदेनिझकडे उतरते, दोन-तीन तास लागतात. दगडांवर रंगाच्या खुणा आहेत, पाणी सोबत ठेवा. हा सगळा मूला प्रांत पाइनच्या मधासाठी प्रसिद्ध आहे. त्या मधाचा फुलांशी संबंध नाही. पाइनच्या सालीवर एक कीटक रस शोषतो आणि गोड द्राव टाकतो, तो मधमाश्या गोळा करतात. मध गडद आणि कमी गोड लागतो. तुर्कीत 'चाम बाली' म्हणून मागा.

मुक्कामपोस्ट:
दोघांचेही मनापासून आभार. पन्हळताई, आईला चढ न चढता कितपत बघता येईल?

पन्हळ:
बरंच. खालचं मोठं चर्च पायथ्यापासून फार वर नाही. त्याच्या दाराशी काळ्या-पांढऱ्या गोट्यांची फरसबंदी आहे, तीत १८८८ हे साल गोट्यांनीच लिहिलंय. आईंना तिथे निवांत बसू द्या. तुम्ही दोघं टेकडीवरच्या छोट्या प्रार्थनाघरापर्यंत जाऊन या, तिथून पलीकडचा समुद्र दिसतो. सकाळी लवकर निघा, वर सावली नाही. आणि पायवाट सोडून घरांत शिरताना जपा. काही टाक्यांवर झाकण नाही, एप्रिलच्या वाढलेल्या गवतात त्यांचं तोंड दिसत नाही.