अकरावीला पाच एपी झेपतील का? एपीतला बी बरा की साध्या वर्गातला ए?

प्रश्न

मुलगी अमेरिकेत सरकारी हायस्कूलला दहावीत आहे. पुढे इंजिनियरिंग करायचंय. यंदा केमिस्ट्री ऑनर्स (शाळेचा वरच्या पातळीचा वर्ग), प्रीकॅल्क्युलस ऑनर्स आणि एपी (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे कॉलेजच्या पातळीचा विषय) वर्ल्ड हिस्टरी आहे, अनवेटेड जीपीए (अवघड विषयांना जादा गुण न देता काढलेली ग्रेडची सरासरी) ३.९. अकरावीच्या फॉर्मवर तिने पाच एपी लिहिलेत: कॅल्क्युलस बीसी, फिजिक्स सी मेकॅनिक्स, केमिस्ट्री, इंग्लिश लँग्वेज आणि यूएस हिस्टरी. एक-दोन विषयांत बी येईल अशी धास्ती आहे. कॅलिफोर्नियाची यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) कॉलेजं आणि काही निवडक खाजगी कॉलेजं डोळ्यासमोर आहेत. एखादा एपी कमी केला तर अर्ज कमकुवत दिसेल का?

उत्तर १

पाचाचे चार केले म्हणून कमकुवत दिसणार नाही. कुठला विषय काढता याला मात्र फार महत्त्व आहे.

अर्ज वाचणाऱ्यापुढे ट्रान्स्क्रिप्टसोबत (विषय आणि ग्रेडचा दाखला) शाळेचं प्रोफाइलही असतं. शाळेत किती एपी शिकवतात, एका वर्षी किती घेता येतात, जीपीएला वजन कसं देतात, हे त्यात लिहिलेलं असतं. त्यामुळे शाळेत सहाच एपी असतील तर चार म्हणजे भरपूर, वीस असतील तर तेच चार बेताचे. शिवाय कॉमन अ‍ॅपच्या स्कूल रिपोर्टमध्ये (बऱ्याच कॉलेजांना चालणाऱ्या सामायिक अर्जासोबत शाळा देते तो अहवाल) काउन्सेलर (शाळेतले सल्लागार) मुलीच्या एकूण विषयनिवडीवर एक खूण करतात. पाच पायऱ्या असतात, सगळ्यात वरची 'मोस्ट डिमांडिंग'. तुमच्या शाळेत ती खूण कशावर ठरते हे फॉर्म भरायच्या आधी काउन्सेलरना सरळ विचारा. काही शाळांत एपींची संख्या ठरलेली असते, काही ठिकाणी इंग्रजी, गणित, विज्ञान, इतिहास, परकी भाषा हे पाच मुख्य विषय बघतात. हे न विचारता घरी बसून केलेली आकडेमोड वाया जाते.

इंजिनियरिंगसाठी गणित सोडून बाकी कुठेही हात आखडता घ्या. बीसीतला बी आणि साध्या स्टॅटिस्टिक्समधला ए यांत निवड करायची तर मी बीसीच म्हणेन. मात्र सी येण्याची लक्षणं असतील तर एबी (एपी कॅल्क्युलसचाच कमी अभ्यासक्रमाचा वर्ग) घ्या, त्यात कमीपणा नाही. बीसीमध्ये एबीचा सगळा अभ्यासक्रम असतो, वर सिरीज, पॅरामेट्रिक आणि पोलर. म्हणजे वेग जास्त. प्रीकॅल्क्युलसमध्ये त्रिकोणमिती आणि लॉगरिदम कच्चं राहिलं असेल तर बीसीत घसरण तिथूनच सुरू होते. उन्हाळ्यात तेवढंच पक्कं करून घ्या.

उत्तर २

यूसीचा जीपीएचा हिशोब वेगळा आहे, तो मांडून बघा.

नववीनंतरच्या उन्हाळ्यापासून अकरावीनंतरच्या उन्हाळ्यापर्यंतचे ए-जी विषय (यूसीने प्रवेशासाठी ठरवलेले विषय) धरतात. प्लस-मायनस नाही: ए मायनस म्हणजे ४, बी प्लस म्हणजे ३. एपीला एक जादा गुण, पण जास्तीत जास्त आठ सेमिस्टरना, आणि त्यातली दहावीची चारच. शाळेचे ऑनर्स वर्ग कॅलिफोर्नियातल्या शाळेचे आणि यूसीच्या मान्य यादीत असतील तरच त्यांना जादा गुण, बाहेरच्या राज्यातल्या ऑनर्सना नाही.

समजा दोन वर्षांत मिळून १२ विषय, म्हणजे २४ ग्रेड. सगळे ए: ९६ अधिक ८, भागिले २४, म्हणजे ४.३३. वर्ल्ड हिस्टरीची दोन आणि अकरावीच्या चार एपींची आठ अशी दहा सेमिस्टर झाली, मर्यादा तिथेच संपली. पाचव्या एपीत दोन्ही सेमिस्टरना बी आला तर १०२ भागिले २४, म्हणजे ४.२५. तोच विषय साधा घेऊन ए आला तर ४.३३ कायम. मर्यादा न लावलेला जीपीए आणि विषयांची यादीही वाचतात, म्हणून पाचवा एपी फुकट जातो असं नाही. पण बी घेऊन तो ओढण्यात अर्थ नाही.

प्रश्नकर्ता

मग काढायचा कुठला?

उत्तर ३

फिजिक्स सी बारावीला ढकला. ते कॅल्क्युलसवर चालतं. बदलत्या बलाने केलेलं कार्य काढायला इंटिग्रेशन लागतं आणि गणिताच्या वर्गात ते साधारण पहिल्या सेमिस्टरच्या शेवटाकडे येतं. दोन्ही एकाच वर्षी घेतले की फिजिक्स पुढे धावतं आणि गणित मागे राहतं. बीसी झाल्यावर तेच मेकॅनिक्स खूप सोपं जातं. केमिस्ट्री ऑनर्स ताजं आहे, तेव्हा एपी केमिस्ट्री अकरावीलाच उरकावं.

यात बारावीही कसदार दिसते, आणि ते पाहिलं जातं. बारावीच्या एपी परीक्षा मे महिन्यात, निकाल जुलैत, म्हणजे प्रवेश ठरून गेल्यावर. प्रवेशाच्या वेळी त्या वर्षाचे फक्त विषय आणि खाजगी कॉलेजांत बहुधा मिडइयर रिपोर्टमधले (वर्षाच्या मध्यावर शाळा पाठवते तो अहवाल) ग्रेड दिसतात. शेवटचं ट्रान्स्क्रिप्टही मागवतात, आणि त्यात डी दिसला तर दिलेली जागा काढून घेऊ शकतात.

आणखी एक: अकरावी सुरू झाल्यावर विषय सोडायची शेवटची तारीख शाळेच्या कॅलेंडरवर बघून ठेवा. त्यानंतर सोडला तर अनेक शाळांत ट्रान्स्क्रिप्टवर 'डब्ल्यू' (विषय मध्येच सोडल्याची खूण) येतो. तारखेच्या आत बीसीतून एबीत जाता येतं का, हेही आत्ताच विचारा. एबीचा वर्ग भरलेला असेल तर जागा मिळत नाही.