बाबांच्या ४१ पेपरांपैकी नेटवर नक्की त्यांचे किती? सायटेशन आणि एच-इंडेक्स मोजायला मदत हवी आहे

धरमपेठची लेक:

नमस्कार मंडळी. मी नागपूरची, बँकेत नोकरी करते. वैद्यकीय क्षेत्राशी माझा संबंध एवढाच की बाबा सर्जन. ३१ वर्षं त्यांनी सरकारी मेडिकल कॉलेजात सर्जरी शिकवली, आता ७३ वर्षांचे आहेत. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी एका जीवनगौरव पुरस्कारासाठी त्यांचं नाव पाठवायचं ठरवलंय आणि फॉर्म भरायचं काम माझ्याकडे आलंय. पंधरा दिवस हातात आहेत. त्यात एक रकाना आहे: एकूण शोधनिबंध, एकूण सायटेशन (म्हणजे त्या पेपरांचा दुसऱ्यांनी दिलेला संदर्भ), एच-इंडेक्स. तिथे मी अडले आहे.

माळ्यावरच्या लोखंडी पेटीत बाबांचे पेपर फायलीला लावून ठेवलेले सापडले. १९८६ ते २०१३, मोजून ४१. काही ऑफप्रिंट (जर्नलातल्या लेखाच्या सुट्या छापील प्रती), काही झेरॉक्स, दोन-तीन इतक्या पुसट की तारीखही लागत नाही. मग गूगल स्कॉलर या शोधनिबंध शोधायच्या साइटवर त्यांचं नाव टाकलं तर ११८ नोंदी आल्या! त्यात सोयाबीनची वाणं आहेत, काँक्रीटची ताकद आहे, मराठी कवितेवरचाही एक लेख आहे. आमचं आडनाव विदर्भात गल्लोगल्ली सापडतं, आणि आद्याक्षरं तीच असणारे किती तरी लोक असणार. पबमेड या वैद्यकीय लेखांच्या सूचीत १७ दिसतात. स्कोपस या सायटेशन मोजणाऱ्या डेटाबेसवर बाबांच्या नावाची दोन प्रोफाइलं आहेत, एकात ११ पेपर आणि एच-इंडेक्स ६, दुसऱ्यात ८ पेपर आणि एच-इंडेक्स ४.

फॉर्मसाठी धडपडणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी एकजण म्हणाला, “ताई, ११८ लिहून टाका, कोण तपासतंय?” बाबांना हे सांगितलं तर ते चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, “जे माझं नाही ते एकही नको.” त्यामुळे आता मला खरा आकडाच हवा आहे. माझे प्रश्न: ६ आणि ४ मिळून एच-इंडेक्स १० धरायचा का? तीन ठिकाणी तीन आकडे, तर खरा कुठला? आणि पेटीतले जे पेपर नेटवर कुठेच नाहीत, त्यांचं काय करायचं?

ग्रंथपाल विदर्भ:

ताई, बाबांचं वाक्य वाचून बरं वाटलं. मी वैद्यकीय ग्रंथालयात काम केलंय, हे कोडं रोजचं आहे.

आधी १० चं. ६ आणि ४ ची बेरीज होत नाही. एच-इंडेक्स ही कल्पना २००५ मध्ये होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञानं मांडली. सगळे पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमानं लावायचे आणि वरून मोजत जायचं. पाचव्या पेपरला निदान ५ सायटेशन आहेत पण सहाव्याला ६ नाहीत, तर एच-इंडेक्स ५. म्हणून दोन्ही प्रोफाइलांतले १९ पेपर एकाच यादीत घालून पुन्हा मोजावं लागेल. उत्तर ६ पेक्षा कमी येणार नाही आणि १० च्या वर जाणार नाही, बहुतेक ७ च्या आसपास निघेल.

तीन ठिकाणी तीन आकडे येण्याचं कारण असं की प्रत्येकजण वेगळा ढीग मोजतो. स्कोपस स्वतः निवडलेल्या प्रकाशनांतलेच, मुख्यतः जर्नलांतले, संदर्भ मोजतं. गूगल स्कॉलर थिसिस, परिषदांची पुस्तकं, कॉलेजच्या साइटवर टाकलेल्या पीडीएफ, सगळं धरतं, म्हणून तिथला आकडा जवळजवळ नेहमीच मोठा असतो. पबमेड तर मुळात पेपर शोधायची जागा आहे, एच-इंडेक्स तिथे मिळतच नाही. त्यामुळे “खरा कुठला” याचं उत्तर: तिन्ही खरे, पण आकड्यासोबत जागा आणि तारीख लिहिली तरच. ‘गूगल स्कॉलर, अमुक तारखेला’ असं लिहा. नुसता आकडा लिहिलात तर समितीतला जाणकार माणूस पहिला तोच प्रश्न विचारेल.

आता निवडणं. पबमेडमध्ये २००२ च्या आधीच्या नोंदींत लेखकाचं आडनाव आणि आद्याक्षरंच असतात. पत्ताही १९८८ ते २०१३ या काळात फक्त पहिल्या लेखकाचा दिलेला असे. बाबा तिसरे लेखक असतील तर त्या नोंदीवरून ते नागपूरचे की नाशिकचे हे कळायला मार्ग नाही. तिथे सहलेखकांकडे बघायचं. युनिटमधले लेक्चरर, त्या वर्षीचे रेसिडेंट (शिकाऊ डॉक्टर), भूलतज्ज्ञ ही नावं बाबा एका नजरेत ओळखतील. तुम्ही एकटीनं करू नका, त्यांना शेजारी बसवा.

नेटवर नसलेल्या पेपरांसाठी एक युक्ती. स्कॉलरवर पेपरचं पूर्ण शीर्षक अवतरणचिन्हांत टाका. मूळ पेपर ऑनलाइन नसला तरी दुसऱ्या कुणी त्याचा संदर्भ दिला असेल तर त्याची नुसती नोंद दिसते, पुढे किती जणांनी उल्लेख केला तेही दिसतं. तेही नसेल तर कॉलेजच्या ग्रंथालयातून खंड, अंक, पानं पक्की करून यादीत सरळ लिहा. निबंध छापला गेला आहे, तो निबंध आहे. एच-इंडेक्समध्ये आला नाही म्हणून यादीतून वगळायचा नाही.

टाक्यांची मोजदाद:

मी सर्जन आहे, नागपूरबाहेर. माझीही स्कोपसवर दोन प्रोफाइलं होती, एक माहेरच्या आडनावाचं आणि एक सासरच्या. दहा वर्षं मला पत्ताच नव्हता की माझं निम्मं काम दुसऱ्या ‘बाई’च्या नावावर जमा होतंय. आपल्या नावांची गंमत परदेशी जर्नलांना कळत नाही. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, यातलं कधी मधलंच आडनाव धरलं जातं. ताई, आजोबांचं नाव आडनाव म्हणून टाकूनही एकदा शोधून बघा. मला तिथे तीन पेपर सापडले होते.

स्कोपसची लेखक शोधायची सोय वर्गणी नसली तरी उघडते आणि प्रोफाइलं एकत्र करायची विनंती तिथूनच मोफत करता येते. थोडे दिवस लागतात, म्हणून आजच टाका. ऑर्किडचा, म्हणजे संशोधकाची ओळख पटवणारा, नंबरही काढून ठेवा. १६ अंकी असतो, २०१२ पासून मिळतो, मोफत आहे, आणि त्यात नावाची सगळी रूपं नोंदवता येतात. गूगल स्कॉलरचं प्रोफाइल बनवताना नवे लेख आपोआप जोडू नका, आधी विचारा, हा पर्याय निवडा. नाहीतर महिनाभरात सोयाबीन परत येईल.

सक्करदरा:

ताई, माझ्या मामांच्या बाबतीत हेच होऊन राहिलं होतं. त्यांनी ऑफप्रिंटच्या मागे पेन्सिलीनं रेसिडेंटचं नाव लिहून ठेवलं होतं, त्यावरून सगळं जुळलं. तुमच्याही फायली उलटून बघा.

टाक्यांची मोजदाद:

अजून एक सांगायचं राहिलं. सर्जरीतली सायटेशन कमी दिसली तर वाईट वाटून घेऊ नका. आमच्याकडे सगळ्यात जास्त संदर्भ मिळतात ते मोजपट्टी देणाऱ्या पेपरांना. शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतींची क्लाव्हियाँ-डिंडो वर्गवारी २००४ मध्ये ‘ॲनल्स ऑफ सर्जरी’त आली, ६३३६ रुग्णांवर तपासलेली. त्यानंतर जगात कुणीही ऑपरेशनचे निकाल लिहायला बसला की गुंतागुंत बहुतेकदा याच पायऱ्यांवर मांडतो आणि तो पेपर संदर्भात येतो. अपेंडिक्सची सूज ओळखायचा अल्वाराडो स्कोअर १९८६ चा, तोही तसाच. जिल्ह्यातून रेफर झालेल्या रुग्णांवर दहा वर्षं काम करून लिहिलेल्या पेपराला तितके संदर्भ कधीच मिळत नाहीत. पण भारतीय जर्नलातला पेपर दूर जात नाही असंही नाही. सुपारीमुळे तोंड आखडणाऱ्या आजारावर डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये इथल्याच ईएनटी जर्नलात चार पानं लिहिली आणि त्या आजारावर लिहिणारे आजही ती पानं संदर्भात देतात. खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) खाणाऱ्यांचे गाल तपासणाऱ्या नागपूरच्या डॉक्टरांना हे वेगळं सांगायला नको.

फॉर्ममध्ये जागा असेल तर आकड्याखाली दोन ओळी लिहा: कुठल्या पेपरचा उपयोग कुणाला आणि कशासाठी झाला. समितीत सर्जन असतील तर ते त्या दोन ओळी आधी वाचतील.

धरमपेठची लेक:

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन संध्याकाळी बाबा आणि मी डायनिंग टेबलावर पेपर पसरून बसलो. सक्करदरा, तुमचं बरोबर निघालं, मागे पेन्सिलीच्या नोंदी होत्या! पेटीतलेच दोन पेपर आजोबांच्या नावावर सापडले. स्कोपसला विनंती टाकली होती, प्रोफाइलं एकत्र झाली आणि एच-इंडेक्स ७ आला.

स्कॉलरवर बाबांचे २९ पेपर उरले, ३८६ सायटेशन, एच-इंडेक्स ९. दुसऱ्या क्रमांकावर, ५८ सायटेशनसह, सिकलसेलच्या रुग्णांतल्या पित्ताशयाच्या खड्यांवरचा पेपर आहे. बाबांनी मला तो समजावून सांगितला: तांबड्या पेशी सतत फुटत राहतात, पित्तात बिलिरुबिन (त्या पेशींतून तयार होणारं पिवळं द्रव्य) वाढतं, त्यातून काळे खडे होतात, तेही अगदी कोवळ्या वयात. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण किती आहेत ते आपण जाणतोच. सतरा-अठरा वर्षांची मुलं पोट धरून वॉर्डात यायची, आणि तो पेपर त्यांच्यामुळे सुचला म्हणाले. मी त्यांच्या घरात वाढले, पण हे मला माहीत नव्हतं.

आता नवी अडचण. पहिल्या क्रमांकावरचा, ७१ सायटेशनचा पेपर बाबांनी हातात घेतला आणि म्हणाले, “हा माझा नाही.” नाव त्यांचंच आहे, कॉलेज तेच, वर्ष २००६. ते म्हणतात, “मी युनिटचा प्रमुख होतो म्हणून नाव घातलं. केसेस त्या रेसिडेंटनं गोळा केल्या, लिहिलं त्यानं, मी मसुदाही धड वाचला नव्हता. तेव्हा सगळीकडे हीच पद्धत होती, मीही गप्प राहिलो.” ते हा पेपर काढायला सांगतायत. काढता येतो का? आणि काढावा का?

ग्रंथपाल विदर्भ:

छापलेल्या पेपरवरचं नाव तुम्ही काढू शकत नाही, डेटाबेसमध्येही ते राहील. पण स्वतःच्या स्कॉलर प्रोफाइलवरून पेपर काढायचा अधिकार प्रोफाइलवाल्याला असतो, आणि फॉर्म तर पूर्ण तुमच्या हातात आहे. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे लेखक कुणाला म्हणावं याबद्दल निकष आहेत: कामात ठोस वाटा, लिहिण्यात किंवा तपासण्यात सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि कामाची जबाबदारी. चारही लागतात. हे निकष लावले तर तुमच्या बाबांचं “हा माझा नाही” हे म्हणणं बरोबर ठरतं. काढावा, असं मला वाटतं.

सोबत एक सांगतो, काढल्यावर पुन्हा मोजून बघा. ७१ ही पहिल्या ओळीतली संख्या आहे, एच-इंडेक्स खालच्या ओळींवर ठरतो.

धरमपेठची लेक:

मोजलं. पहिल्या दहा पेपरांची सायटेशन ७१, ५८, ४३, ३७, २९, २४, १९, १५, १२, ९ अशी होती. ७१ चा काढल्यावर ९ चा पेपर नवव्या जागी आला. एच-इंडेक्स ९ चा ९ च राहिला! दहाहून जास्त सायटेशनचे पेपर ९ होते ते ८ झाले आणि एकूण सायटेशन ३८६ वरून ३१५ वर आली. फॉर्ममध्ये लिहिलं: छापलेले शोधनिबंध ४०, त्यांपैकी गूगल स्कॉलरवर २८, सायटेशन ३१५, एच-इंडेक्स ९, कालची तारीख. सिकलसेलच्या पेपरवर दोन ओळी लिहिल्या. फॉर्म आज सकाळी दिला.

बाबांनी दुपारी त्या रेसिडेंटचा नंबर शोधायला लावला. ते आता यवतमाळला प्रॅक्टिस करतात. २००६ नंतर त्यांनी एकही पेपर लिहिला नाही आणि आपल्या त्या पेपराचं पुढे काय झालं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. बाबांनी फोनवर ७१ आकडा सांगितला तेव्हा पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. त्यांचं कुठेही प्रोफाइल नाही. उद्या संध्याकाळी सातला ओपीडी संपल्यावर व्हिडिओ कॉलवर ते बनवायला बसणार आहोत, बाबा आणि मी इकडून, ते तिकडून.