मदत हवी आहे: विहिरीत लाल पट्टा निघालाय, हा काय प्रकार?

मंडळी, महूजवळ काकांच्या शेतातली विहीर खोल करणं चाललंय, रविवारी आम्ही इंदूरहून बघायला गेलो तर वर काळी माती, मग मुरूम, मग काळा पत्थर आणि त्याखाली हातभर जाडीचा विटेसारखा लालभडक पट्टा, आणि खाली परत काळाच! साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून माळव्याचं पठार झालं एवढं माहितीय. मग हा लाल थर म्हणजे दोन लाव्ह्यांच्या मधल्या काळातली माती, वरच्या लाव्ह्याने भाजलेली, का नुसतं दगडातलं लोखंड गंजलंय? पोकळ्यांमध्ये साबुदाण्याएवढे पांढरे खडेपण आहेत, लिंबू पिळून पाहिलं, फेस नाही आला, म्हणजे कॅल्साइट (आंबटाने फेसाळणारं चुन्याचं खनिज) नसावं ना? मुलीच्या प्रोजेक्टला हवंय. काका म्हणतात पाणी लागलं की बास, दगडाचं काय लोणचं घालायचंय?